तिंगमोच्या पाकळ्या

काठमांडूत बौद्धनाथ स्तूपाच्या आसपास १९५९ नंतर आलेल्या तिबेटी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तिथल्या खाणावळीत शाप्ता, म्हणजे मांसाचे पातळ काप मिरचीवर परतलेले, मागवलं की सोबत तिंगमो येतो. मोमोसारखाच वाफवलेला, पण आत सारण नाही. सगळी मजा पदरांत. पदर सुटले नाहीत, तर तो नुसता वाफवलेला पाव.

बारा नगांसाठी ५०० ग्रॅम मैदा, ४ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, चमचाभर साखर, अर्धा चमचा मीठ आणि साधारण २८० मिली कोमट पाणी. पीठ फुलक्याच्या कणकेपेक्षा जरा घट्ट हवं. दहा मिनिटं मळा, झाकून दुप्पट फुगू द्या. उन्हाळ्यात तास पुरतो, काठमांडूच्या थंडीत दोन सहज लागतात.

मग ४ मिलिमीटर जाड लाटा, तेलाचा हात फिरवा. कडेची बोटभर जागा कोरडी ठेवा, म्हणजे गुंडाळी चिकटेल. तेल अगदी पातळ हवं; जास्त झालं तर पीळ देताना पदर घसरतात, नसलं तर वाफेत एकजीव होतात. गुंडाळी करून दोन-दोन इंचांचे तुकडे कापा. आता खरी कला: तुकड्याच्या मधोमध, कापलेल्या बाजूंना समांतर, चॉपस्टिक तळापर्यंत दाबायची. दोन्ही कडांचे पदर पाकळ्यांसारखे वर उमलतात. टोकं धरून किंचित ताणा, खाली दुमडा.

वीस मिनिटं विसावा देऊन उकळत्या पाण्यावर पंधरा मिनिटं वाफवा. आपलं मोदकपात्र यासाठी उत्तम. फक्त झाकणाला फडकं बांधा, नाहीतर थेंब पडून वरचा भाग चिकट होतो. ल्हासा ३,६५० मीटरवर, तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून वेळ वाढवावी लागते.

झाकण मध्येच उघडू नका. गॅस बंद केल्यावरही तीन मिनिटं थांबा. गार हवा एकदम लागली की तिंगमो सुरकुततो. जास्त फुगलेल्या पिठाचंही तेच होतं. पिठात सोडाही घातला असेल आणि पिवळे डाग दिसले, तर तो नीट मिसळलेला नाही.

शिळा तिंगमो पुन्हा पाच मिनिटं वाफेवर ठेवा, ताज्यासारखा मऊ होतो. उभा चिरून तुपावर खरपूस भाजला, तर सेपेन या तिबेटी लाल मिरचीच्या चटणीबरोबर नाश्त्याला आणखी काही लागत नाही.