एच, ओ आणि नानांची वही

जुलैत आमच्या सावद्याच्या दुकानात झेरॉक्स कमी आणि कॅपचे, म्हणजे इंजिनिअरिंगच्या सरकारी केंद्रीय प्रवेशाचे फॉर्म जास्त असतात. त्या दिवशी ऑप्शन फॉर्मची, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीच्या यादीची शेवटची तारीख, साइट रडतखडत चाललेली, आणि भर दुपारी नाना आले पोरीला घेऊन, केळीची गाडी भरणं अर्ध्यावर टाकून.

पिशवीतून आधी निघालं एका खासगी युनिव्हर्सिटीचं रंगीत माहितीपत्रक. "सर, हे म्हणतात शंभरातून सहाच पोरं घेतो. म्हणजे सरकारीपेक्षा कडक झालं ना?"

म्हटलं नाना, ते शंभर कोण ते विचारा ना आधी. ऑनलाइन फॉर्म भरला की झाला अर्जदार, मग तो परीक्षेला बसो नाहीतर न बसो. असंच मोजायचं तर आपल्या कॅपमध्ये एक पोरगं 300 ऑप्शन टाकू शकतं, मग कोपऱ्यातलं कॉलेजही म्हणेल हजारोंनी मागितलं आम्हाला. शेवटची सीट किती पर्सेंटाइलला गेली, ते बघायचं फक्त.

नाना हसले आणि वही काढली. पुणे-नाशिकची कॉलेजं, ब्रँचवार, तीन वर्षांचे कटऑफ, लाल पेनच्या खुणा. पोरीला सीईटीत 93 च्या वर पर्सेंटाइल. मी बघतच राहिलो, एवढं काम पैसे घेणारे काउन्सेलरही करत नाहीत (मीही घेतो, ते सोडा). मग लक्षात आलं, सगळे आकडे जी-ओपन-एचचे. जी म्हणजे जनरल, ओपन म्हणजे खुला प्रवर्ग.

एच म्हणजे होम. 70 टक्के सीटा त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या पोरांना, 30 बाहेरच्यांना, तो ओ. नाना म्हणे, "पण पोरगी दोन वर्षं नाशकात होती, आणि नाशिक पुणे विद्यापीठातच येतं ना?" हे बरोबर होतं त्यांचं. मी एलसी मागितली. कॉलेज गावचं!

क्लासवाल्यांनी सांगितलेलं म्हणे, ॲडमिशन गावातच ठेवा, हजेरीची कटकट नाही. डमी ॲडमिशन, नाव गावात आणि क्लास नाशकात. पण होम युनिव्हर्सिटी ठरते बारावी ज्या कॉलेजातून पास झालात त्याच्यावर, हॉस्टेल कुठे होतं त्याच्यावर नाही. पोरगी जळगाव विद्यापीठाची निघाली, पुण्याला ओ. मी ओचे आकडे काढून दाखवले, वहीतलं पहिल्या पानावरचं कॉलेज जवळपास तीन पर्सेंटाइलने वर गेलं. नाना काही बोलले नाहीत, नुसतं पेनाचं टोपण लावत-काढत बसले, आणि तिकडे गाडीवाल्याचे फोनवर फोन.

इतका वेळ गप्प असलेली पोरगी म्हणाली, "सर, एल-ओपन-ओ पण असतं ना?"

असतं की! मुलींच्या 30 टक्के राखीव जागांचा कॉलम, नानांनी तो सरळ सोडलेला. त्यांना वाटलं एल म्हणजे लोकल.

मग बसलो तिघं. एलचे आकडे बऱ्याच ठिकाणी खाली होते, पुण्याची चार-पाच कॉलेजं परत यादीत आली, खाली जळगावकडची टाकली, तिथे तिला एच आहेच. साइट दोनदा पडली. फॉर्म कन्फर्म झाला तेव्हा गाडी अर्धीच भरून निघून गेली होती.

पहिल्या राउंडला पुण्याचं कॉलेज लागलं, यादीतलं सातवं, एल-ओपन-ओमधूनच. पेढे द्यायला आले तेव्हा नाना वही माझ्याकडेच ठेवून गेले, धाकट्याला लागेल म्हणे. धाकटा यंदा नाशकात क्लासला आहे. ॲडमिशन गावातच.