त्यांचं तीन महिन्यांत झालं, माझं का नाही?

त्या दिवशी माझ्याकडे थेरपीची दोन सेशन्स लागोपाठ होती. पहिलं, एका रस्ते अपघातातून वाचलेल्या गृहस्थांचं, शेवटचं. अपघातानंतर हॉर्न ऐकला तरी त्यांना दरदरून घाम फुटायचा. आम्ही 'प्रोलाँग्ड एक्स्पोजर' पद्धतीने काम केलं. तो प्रसंग डोळे मिटून, आत्ता घडतोय असा, पुन्हा पुन्हा सांगायचा. त्याचं रेकॉर्डिंग घरी ऐकायचं. टाळलेल्या गोष्टी एकेक करून करायला लागायचं. याला साधारण ८ ते १५ सेशन्स पुरतात. त्यांना पुरली. त्या दिवशी ते स्वतः गाडी चालवत आले होते.

बाहेर बसलेल्या बाईंनी त्यांचं "तीन महिन्यांत सुटलो" हे बोलणं ऐकलं असावं. आत येताच त्या जवळजवळ ओरडल्याच, "मी वर्षाच्या वर येतेय! माझ्यातच काही खोट आहे का?" लगेच "सॉरी, मॅडम" म्हणाल्या आणि माझा चेहरा न्याहाळू लागल्या. मी चिडले का, हे शोधत होत्या. ज्या घरात जेवू घालणारा हातच मारतो, तिथली मुलं ही सवय फार लवकर शिकतात.

मी म्हटलं, "खोट नाही. त्यांना अपघाताआधीच्या आयुष्यात परत जायचं होतं. तुमच्याकडे तसं 'आधी' नव्हतंच. सुरक्षित वाटणं म्हणजे काय, हे आपण पहिल्यांदाच शिकतोय."

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले, त्यांत सुरक्षितता पहिली येते. आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक वर्गीकरणातही आता कॉम्प्लेक्स पीटीएसडी (बहुधा दीर्घकाळ किंवा वारंवार झालेल्या आघातांनंतरचा गुंतागुंतीचा मानसिक त्रास) हे वेगळं निदान आहे. पण बालपणीचा आघात म्हणजे वर्षानुवर्षं थेरपी, हे सरसकट खरं नाही. काही जण थेट आठवणींवर काम सुरू करतात आणि लवकर सावरतात. तयारीच्या नावाखाली कुणाला विनाकारण थांबवून ठेवणं मला मुळीच पटत नाही. या बाई मात्र सुरुवातीला प्रश्न विचारला की सुन्न व्हायच्या, समोर बसूनही हरवायच्या. तेव्हा आठवणींना हात घालणं धोक्याचं ठरलं असतं.

"आज तुम्ही माझ्यावर आवाज चढवलात," मी म्हटलं, "आणि तरी इथेच बसून आहात. वर्षापूर्वी हे झालं असतं?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग पुढचं ठरलं: लक्षणांची प्रश्नावली पुन्हा भरून पहिल्या गुणांशी ताडून पाहायची आणि आठवणींवरचं काम सुरू करायचं. सुरुवात कुठल्या आठवणीपासून, ते त्या ठरवणार होत्या.