तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्र नाही, मग शिंपले कुठले?

घरी नवं कुणी आलं, की कपाटावरच्या बरण्यांकडं बघून हमखास विचारतं, "कोकणात जाऊन आलात का?" नाही. यातले बहुतेक शिंपले गंगेतले आहेत. आम्ही गंगाखेडचे लोक गोदावरीला गंगाच म्हणतो. जनाबाईच्या गावातला घाट उतरून वाळवंटात गेलं, की उन्हाळ्यात हवे तेवढे सापडतात.

नाद लागला तो कैरीमुळं. लोणच्याच्या दिवसांत आजी शिंपल्याची फुगीर पाठ दगडावर घासायची. घासून घासून भोक पडलं की त्याची कड पात्यासारखी धारदार होई, आणि त्या भोकातून कैरीची साल लांबच लांब निघे. चाकूनं एवढी पातळ साल मला आजही काढता येत नाही. शिंपला आतून मोत्यासारखा चमकायचा. काम संपल्यावर तो माझा.

तो शिंपला लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस जातीचा होता, हे मोठेपणी कळलं. लांबट, गुळगुळीत, बाहेरून काळपट तपकिरी. त्याच्यासोबत पॅरेसिया सापडतो. तो आखूड, गोलसर आणि जाड. बिजागरीजवळच्या उंचवट्यावरून अंगठा फिरवा, वळ्या लागल्या तर पॅरेसिया. मात्र जुन्या शिंपल्याचा तो भाग झिजलेला असतो, म्हणून मी एका नमुन्यावर कधीच नाव ठरवत नाही. पाठीवरच्या गडद रेघा म्हणजे वाढ थांबल्याच्या खुणा.

शंखांची ओळख त्याहून सोपी. टोक वर आणि तोंड आपल्याकडं धरायचं. तोंड उजवीकडं आलं, तर उजवा शंख. आपल्याकडचे बहुतेक उजवेच. दाभणासारखा निमुळता असेल तर मेलॅनॉइड्स, चकलीसारखा चपटा गुंडाळलेला असेल तर इंडोप्लॅनॉर्बिस. हिरवट अंगावर गडद पट्टे असलेली गोगलगाय ती बेलामिया. ती अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते. एकदा मेलेल्या बेलामियाचा शंख तळहातावर आपटला, तर आतून ज्वारीच्या दाण्याएवढे चार शंख पडले. पट्ट्यांसकट, वेटोळ्यांसकट. ती पिल्लं मी वेगळ्या डबीत ठेवली आहेत आणि घरी येणाऱ्या प्रत्येक मुलाला आधी तीच दाखवते.

बरण्यांमध्ये समुद्रातलं काही नाहीच असं नाही, कवड्या आहेत. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ मराठवाड्यात कुणाला नवी? पण ती कवडी जिवंत असते ती उथळ, उबदार समुद्रात, प्रवाळाच्या आसपास. मालदीवच्या कवड्या तर शेकडो वर्षं भारतात नाणं म्हणून चालत होत्या. पाठीवर नारिंगी कडं असेल तर मोनेटारिया अ‍ॅन्युलस; पिवळसर, कडांना गाठी असलेली ती मोनेटारिया मोनेटा. आमच्या शेजारच्या आराधीण मावशींनी तुटलेल्या माळेतल्या मला दिल्या, तेव्हापासून त्या हळदी-कुंकवाच्या डागांसकट ठेवल्या आहेत. धुवायचा धीर होत नाही.

नदीतल्या शिंपल्याचं बालपण मात्र माशावर अवलंबून असतं. त्याची सूक्ष्म पिल्लं माशाच्या कल्ल्यांना चिकटतात, काही दिवस तिथं वाढतात आणि मग सुटून तळाशी बसतात. मासा नाही तर शिंपला नाही. वाळू उपसून नेलेल्या पट्ट्यात मला आता नुसता चुरा मिळतो, आणि तिथं जायला पाय धजत नाहीत. मोठा झालेला शिंपला दिवसभर पाणी गाळून त्यातलं बारीक शेवाळ खात असतो. तो राहतो त्या वाळूसकट ट्रकमध्ये जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून मी उचलते ते फक्त रिकामे. मे महिन्यात डोह आटायला लागला की काठच्या गाळावर बोटानं ओढल्यासारखी रेघ दिसते, कधी हातभर, कधी त्याहून लांब. पाण्यामागं सरकत गेलेल्या शिंपल्याची ती वाट. रेघ संपते तिथं बोट घातलं की तो लागतो, आणि लागताक्षणी घट्ट मिटतो. त्याला उचलायचं, गुडघाभर पाण्यात जायचं आणि तळाच्या गाळात अर्धा रोवून यायचं. परवा सकाळी असे अकरा रोवले.