औषधाला दाद न देणारा वाण आधीच हजर असतो

एकाच शरीरात एचआयव्ही या विषाणूचे दोन वाण नांदत असताना औषध सुरू केले, तर त्यांच्यातील चढाओढीचे काय होते, हा प्रश्न गेले काही दिवस मी कागदावर समीकरणे मांडून तपासत आहे. समीकरणांचे हे प्रतिमान (मॉडेल) लहानच आहे: निरोगी पेशी, प्रत्येक वाणाने बाधित झालेल्या पेशी आणि प्रत्येक वाणाचे मोकळे विषाणू, अशा पाच राशी. यात दोन्ही वाण एकमेकांना थेट इजा करत नाहीत. त्यांची ओढाताण असते ती निरोगी पेशींसाठी.

भोवतालच्या सर्व पेशी निरोगी असताना एका बाधित पेशीमुळे सरासरी किती नव्या पेशी बाधित होतात, त्या आकड्याला प्रजनन अंक म्हणतात. समजा, मूळ वाणाचा अंक ८ आहे आणि औषधाला दाद न देणाऱ्या वाणाचा ५. मूळ वाण निरोगी पेशी इतक्या कमी करतो की उरलेल्यांवर दुसऱ्याला तग धरता येत नाही.

तरीही दुसरा पुरता नाहीसा होत नाही, आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच. मूळ वाणाची नक्कल होताना झालेल्या चुकांतून तो पुन्हा पुन्हा तयार होत राहतो. एचआयव्हीची जनुकीय संहिता सुमारे दहा हजार अक्षरांची असून तिची नक्कल होताना दर अक्षरामागे चूक होण्याची शक्यता लाखात तीनच्या आसपास असते. या दराला वाणाच्या तोट्याने, म्हणजे येथे १ वजा ५/८ अर्थात ०.३७५ ने भागले, की त्याचा वाटा लाखात आठ इतका येतो. बाधित पेशी दहा कोटी धरल्या, तर औषधाची पहिली गोळी घेण्यापूर्वीच आठ हजार पेशींत तो वाण बसलेला असतो.

आता मूळ वाणाला ९५ टक्के रोखणारे, पण दुसऱ्याला जेमतेम १० टक्के अडवणारे एकच औषध द्या. अंक अनुक्रमे ०.४ आणि ४.५ होतात. मूळ वाण ओसरतो, निरोगी पेशी पुन्हा वाढतात आणि त्या आयत्याच दुसऱ्याच्या हाती पडतात. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, आधी झपाट्याने उतरतो आणि मग पुन्हा चढतो. लॅमिव्हुडिन हे एचआयव्हीवरील औषध एकटे दिल्यावर काही आठवड्यांतच असे घडते, कारण तेथे विषाणूच्या प्रथिनातील एका घटकाचा, म्हणजे एका अमिनो आम्लाचा, बदल पुरेसा ठरतो.

संशोधक पेरेल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवले की एका रुग्णाच्या शरीरात दररोज सुमारे एक हजार कोटी विषाणू तयार होतात. एवढ्या उलाढालीत एकेका अक्षराचा बदल रोजचाच. मात्र तीन ठरावीक बदल एकाच नकलेत होण्याची शक्यता लाखात तीनचा घन, म्हणजे नगण्य असते. तीन औषधे एकत्र देण्यामागचा हिशेब हा आहे, आणि त्यातले एखादे मध्येच बंद केले तर तो कोलमडतो.

उपचार पूर्ण थांबवले की मूळ वाण पुन्हा वरचढ होतो आणि नेहमीच्या चाचणीत दुसरा बऱ्याचदा दिसेनासा होतो. पण तो सुप्त पेशींत, म्हणजे बाधित असूनही नवे विषाणू न बनवणाऱ्या पेशींत, वर्षानुवर्षे दडून राहतो आणि जुने औषध पुन्हा सुरू होताच डोके वर काढतो. माझ्या पाच राशींत या पेशींना जागाच नव्हती, म्हणून आता दोन्ही वाणांसाठी त्यांची एकेक रास मी वाढवली आहे.