किनवटच्या जंगलातली नोंदवही

आज किनवट तालुक्यातील एका गावाच्या वनव्यवस्थापन समितीसोबत सागाच्या जंगलात फिरलो. ताज्या तोडीच्या खुंटाला टेप लावून एका मावशींनी घेर मोजला, सोबतच्या मुलीने तो तारखेसह वहीत उतरवला आणि शेजारच्या जुन्या खुंटाला फुटलेले धुमारेही मोजून लिहिले. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला, २००८ च्या नियमांनी त्यासाठी समिती नेमायला सांगितले. परंतु ही वही सायंकाळी ग्रामसभेत सर्वांसमोर मोठ्याने वाचली जाते, म्हणूनच त्या अधिकाराला वजन आहे, असे मला मनापासून वाटते. वाचनानंतर नव्या तोडीवर बराच वेळ, प्रसंगी कडक शब्दांत, चर्चा झाली आणि तेंदूपत्त्याच्या हंगामासाठी गस्तीच्या पाळ्या नव्याने ठरल्या.