नोटिशीचा महिना

७ मे, गुरुवार

आज दुपारी घरमालकांनी आमच्या सिंकमधल्या भांड्यांचा फोटो काढला आणि स्वतःच्या घरी पोहोचण्याआधीच तो मला व्हॉट्सॲपवर पाठवला. खाली एवढेच लिहिले होते : ‘अशा अवस्थेत घर दाखवायचे कसे?’ फोटोत सकाळचा कुकर, त्याच्या कडेला वाळलेला वरणाचा पिवळा थर, दोन ताटे, मुलाचा दुधाचा पेला आणि कणीक चिकटलेली परात होती. त्यातले काहीच मी नाकारू शकत नव्हते. फक्त आज गुरुवार आहे, गुरुवारी आमच्या भागाचे पाणी बंद असते आणि टाकीतले पाणी संध्याकाळपर्यंत पुरावे म्हणून सोसायटीने सकाळी दहालाच व्हॉल्व्ह बंद केला होता, हे त्या फोटोत दिसत नव्हते. मावशी साडेदहाला आल्या, त्यांनी नळ उघडून पाहिला, केर काढला आणि ‘ताई, भांडी संध्याकाळी येऊन घासते’ असे सांगून त्या गेल्या.

पावणेदोनला एजंटचा फोन आला. ‘मॅडम, पार्टी खालीच उभी आहे, पाच मिनिटांत वर येतो.’ घरमालक काकाही बरोबर होते. हॉलमधल्या दिवाणावर सासूबाईंचा नुकताच डोळा लागला होता. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि मे महिन्यात पश्चिमेची खोली तापते म्हणून दुपारी हॉलमध्येच आडव्या होतात. एजंटने दारातूनच हळू आवाजात विचारले, ‘आजींना जरा आतल्या खोलीत झोपवता येईल का? हॉल मोठा दिसेल.’ मी नाही म्हटले. घर पाहायला आलेले दोन तरुण ओशाळले आणि पाय न वाजवता किचन, बाल्कनी पाहून चार मिनिटांत निघून गेले. सासूबाई जाग्याच होत्या, हे मला संध्याकाळी कळले. ‘मी डोळे मिटून पडून राहिले गं, लोकांना संकोच नको,’ असे त्या म्हणाल्या. सिंकच्या फोटोपेक्षा मला हे वाक्य जास्त लागले, आणि रात्री अकरा वाजता मी हे लिहीत बसले आहे ते त्या वाक्यामुळेच.

आम्ही ३० एप्रिलला महिन्याची नोटीस दिली आहे. ३१ मेला घर सोडायचे आहे. नोटीस दिल्यानंतरच्या सात दिवसांत चार वेळा माणसे घर पाहून गेली, त्यांपैकी एकदाच आदल्या दिवशी विचारले गेले. घर रिकामे राहिले तर काकांचे नुकसान आहे आणि नवा भाडेकरू लवकर मिळावा असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे, हे मला समजते. पण या महिन्याचेही पूर्ण भाडे आम्ही देतो आहोत आणि या महिन्यातही आम्हाला इथेच स्वयंपाक करायचा, जेवायचे आणि झोपायचे आहे.

९ मे, शनिवार

आज करारनामा काढून पुन्हा नीट वाचला. बोलताना आपण भाडेकरू म्हणतो खरे, पण आमचा करार पुण्यातल्या बहुतेक घरांप्रमाणे ‘लिव्ह अँड लायसन्स’चा आहे आणि त्यातली लायसन्सची व्याख्या १८८२ सालच्या ईझमेंट कायद्यातून आलेली आहे. त्या व्याख्येप्रमाणे या घरात माझा कोणताही हितसंबंध निर्माण झालेला नाही; ठरलेल्या मुदतीपुरती राहण्याची परवानगी तेवढी मला मिळाली आहे. ‘घर माझे आहे’ हे वाक्य काकांच्या बोलण्यात वारंवार येते, त्याला कायद्याचा आधार आहे हे मी मान्य करते. मात्र ज्या करारावर आम्ही दोघांनी एजंटच्या यंत्रावर अंगठे दिले, त्याच नोंदणीकृत करारात असेही कलम आहे की मालकाला घराची पाहणी करायची असेल तर त्याने वाजवी पूर्वसूचना देऊन ती करावी. माझ्यावर बंधन आहे ते घर आहे त्या स्थितीत राखण्याचे आणि रोजच्या वापराने होणारी झीज सोडून काही मोडतोड झाली तर ती स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याचे. घर दाखवताना ते कसे दिसावे याबद्दल त्यात एक अक्षरही नाही, आणि ‘वाजवी’ म्हणजे किती तास हेही नाही. केंद्र सरकारने २०२१ साली राज्यांपुढे ठेवलेल्या नमुना घरभाडे कायद्यात मालकाने घरात येण्याआधी किमान चोवीस तासांची सूचना द्यावी असे स्पष्ट म्हटले आहे. तो नमुना असल्यामुळे राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय मला त्यावर बोट ठेवता येत नाही, तरी चोवीस तासांची मागणी अवाजवी नाही एवढे तरी त्याच्या आधाराने म्हणता येते.

काल सकाळी काकांचा आणखी एक निरोप आला होता : ‘घर असेच अस्वच्छ राहिले तर सफाईचे पैसे डिपॉझिटमधून कापावे लागतील.’ रंगकामासाठी एक महिन्याचे भाडे कापायचे हे करारातच ठरलेले आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘अस्वच्छ’ या शब्दाबद्दल. मराठीत पसारा आणि घाण हे दोन वेगळे शब्द आहेत. आमच्याकडे सध्या पसारा आहे : भिंतीला टेकवलेली खोकी, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बरण्या, माळ्यावरून काढलेले आणि अजून कुठेच न ठरलेले सामान. ज्या घरातून माणसे महिनाभरात जाणार आहेत त्या घरात हे असणारच. घाण मात्र आमच्याकडे नाही, आणि तीन वर्षे ती नव्हती.

बाथरूमच्या फरशीवर पांढरे डाग आहेत, हे खरे आहे. सोसायटीत निम्मे पाणी बोअरचे येते, ते जड आहे, आणि वाळले की त्यातला चुना फरशीवर बसतो. त्यावर हार्डवेअरच्या दुकानात मिळते ते ॲसिड टाका असे काका म्हणतात. ते मी करणार नाही, कारण त्याने डागाबरोबर फरशांच्या जोडातले सिमेंटही खाल्ले जाते आणि पुढे तिथूनच पाणी झिरपू लागते. काल संध्याकाळी मी कोमट पाण्यात लिंबूसत्व विरघळवले, फडके त्यात भिजवून नळाखालच्या फरशांवर अर्धा तास अंथरून ठेवले आणि मग जुन्या टूथब्रशने एकेक फरशी घासली. फडके उचलले तेव्हा खालचा चुना मऊ होऊन सायीसारखा सरकत होता. नऊ फरशा स्वच्छ व्हायला दीड तास लागला. एकूण फरशा साठच्या वर आहेत. हे काम मला डिपॉझिटसाठी करायचे नव्हते. मूळ रंगाची फरशी उघडी पडताना पाहून मला खरोखर बरे वाटले, म्हणून मी ते केले आणि उरलेल्याही करीन.

घासताना तीन वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. हे घर पाहायला आम्ही आलो तेव्हा इथे एक तरुण जोडपे राहत होते. बाळ दोन-तीन महिन्यांचे असावे. हॉलमध्ये दोरी बांधून दुपटी आणि लंगोट वाळत घातले होते आणि गॅसवर दूध उतू गेल्याचे करपट डाग होते. मी तिच्या किचनमधले कपाट तिला न विचारता उघडले होते, आत वाकून पाहिले होते आणि बाहेर पडल्यावर जिन्यात नवऱ्याला म्हटले होते, ‘घर चांगले आहे, पण बाईने ठेवले नाही.’ मी कपाटात पाहत होते तेव्हा ती माझ्या मागेच बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. तिने आतून ते ऐकले असेल का, हा प्रश्न मला तीन वर्षांत कधी पडला नव्हता, तो काल पडला आणि रात्रभर पुरला.

१० मे, रविवार

सकाळी काकांकडे जाऊन आले. व्हॉट्सॲपवर उत्तर देत राहिले असते तर शब्द वाढत गेले असते. बरोबर एक कागद नेला होता : बुधवारी संध्याकाळी सहा ते आठ, शनिवारी आणि रविवारी सकाळी अकरा ते एक, या वेळांत कोणालाही आणा, आदल्या दिवशी कळवा, केर-लादी झालेली आणि ओटा पुसलेला असेल हे मी पाहीन, दुपारी एक ते चार कोणालाही आणू नका, खोक्यांबद्दल काही बोलू नका, आणि आमच्या सामानाचे फोटो काढू नका. काकांनी चष्मा लावून सगळे वाचले. ते म्हणाले, ‘तुमचे म्हणणे मला पटते, पण बुधवारी संध्याकाळी सहाला घरात उजेड कमी असतो, लोकांना खोल्या लहान वाटतात.’ मी पाच ते सात केले. फोटोच्या ओळीवर ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, ‘तो मी रागात काढला.’

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी आधी कळली असती तर मीही इतकी चिडले नसते. ते घर त्यांनी १९९६ साली घेतले आणि ओट्याचा काळा ग्रॅनाइट त्यांच्या पत्नीने स्वतः निवडून आणला होता. ‘हिच्या वेळी त्या ओट्यात तोंड दिसायचे,’ असे ते म्हणाले. काकू जाऊन सहा वर्षे झाली. आमची भांडी पाहताना त्यांना काय दिसत असेल, याचा मी विचार केला नव्हता. तरीही मी तिथे बसून हेही सांगितले की सासूबाईंना हलवायला सांगणे मला अपमानाचे वाटले. त्यांनी एजंटचा बचाव केला नाही. डिपॉझिटच्या निरोपाबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत.

१७ मे, रविवार

ठरलेल्या वेळा पाळल्या जात आहेत. बुधवारी एक कुटुंब आले, काल दोन आणि आज एक. आजच्या भेटीबद्दल लिहिले पाहिजे.

आतल्या खोलीची एक भिंत बाथरूमला लागून आहे आणि वरच्या मजल्यावरून तिच्यात ओल उतरते. रंगाचे पापुद्रे सुटले आहेत आणि त्याखाली मिठासारखी पांढरी भुकटी धरते. प्लास्टरमधले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात आणि पाणी उडून गेले की भिंतीवर उरतात. मी कोरड्या ब्रशने ते झाडते आणि आठ-दहा दिवसांत ते परत येतात. हेही काकांनी मागे ‘तुम्ही भिंत पुसत नाही’ या सदरात घातले होते. गेल्या आठवड्यात एजंटने आमचे कपडे ठेवायचे कपाट त्या डागापुढे सरकवून घेतले. मी तेव्हा हरकत घेतली नाही, याची आज लाज वाटते.

आज आलेल्या बाईंबरोबर चार-पाच वर्षांची मुलगी होती. त्यांनी सिंककडे पाहिलेही नाही. पाणी किती वाजता येते, किती वेळ राहते, टँकरचे पैसे वेगळे द्यावे लागतात का, एवढे त्यांनी विचारले. आतल्या खोलीत त्या कपाटापुढे थांबल्या. कपाटाने खिडकीचा निम्मा भाग झाकला होता, त्यामुळे कोणालाही ते विचित्रच वाटले असते. ‘हे कपाट इथेच असते का?’ त्यांनी मला विचारले. काका माझ्या शेजारी उभे होते. मी म्हटले, ‘नाही, ते समोरच्या भिंतीला असते. मागे ओल आहे, वरच्या बाथरूममधून उतरते.’ त्यांनी मोबाइलचा दिवा लावून कपाटामागे पाहिले, बोटाने भुकटी चाचपली आणि मुलीला दमा असल्यामुळे आपल्याला हे विचारावेच लागते, असे सांगितले. जाताना त्यांनी माझे आभार मानले. काका जिन्यापर्यंत त्यांच्याबरोबर गेले आणि परत वर आले नाहीत.

मी काकांचे नुकसान केले असे नवऱ्याला वाटते. ‘तुला विचारले होते त्याचे उत्तर त्यांनी द्यायचे होते,’ असे तो म्हणाला. पण प्रश्न मला विचारला होता, आणि त्या मुलीला त्याच भिंतीशी झोपायचे होते. स्वच्छ घर दाखवायचे म्हणजे ओल झाकायची असा अर्थ होत असेल, तर त्या स्वच्छतेत मला हातभार लावायचा नाही.

३० मे, शनिवार

त्या बाईंनी घर घेतले नाही. काकांनी आठवडाभर फोन केला नाही आणि मग गेल्या सोमवारी वरच्या मजल्यावरच्या मालकांना घेऊन ते स्वतः आले. प्लंबरने वरच्या बाथरूमचा कोपरा फोडला आहे. भिंत वाळायला वेळ लागेल, म्हणून जूनमध्ये घर रिकामेच ठेवायचे त्यांनी ठरवले आहे. हे सांगताना त्यांचा स्वर कोरडा होता.

आज संध्याकाळी काका आणि मी खोलीखोलीत फिरलो आणि या वेळी फोटो मी काढले : फरशा, ओटा, खिडक्यांच्या जाळ्या, मीटरचा आकडा. प्रत्येक फोटो त्यांना लगेच पाठवला. त्यांनी रंगकामाचे एक महिन्याचे भाडे कापून उरलेले डिपॉझिट उद्या किल्ल्या मिळाल्यावर पाठवतो असे सांगितले. सफाईचा विषय निघाला नाही. ओट्याजवळ आल्यावर त्यांनी ग्रॅनाइटवरून एकदा हात फिरवला, हाताकडे पाहिले आणि काही न बोलता पुढच्या खोलीत गेले.

गाडी सकाळी नऊला येणार आहे. आज रात्री शेवटचा वरणभात झाला. सासूबाई हॉलमध्ये झोपल्या आहेत. कुकर आणि चार ताटे मी सिंकमध्ये ठेवली आहेत. पाणी सकाळी साडेसहाला येते, तेव्हा घासीन.