ओटी घेऊन कळसूबाईला

महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कोणतं? कळसूबाई. उंची? 1646 मीटर. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, इतक्यांदा शाळेत रिकाम्या जागी ते लिहिलंय. परळच्या चाळीत वाढत असताना उंच म्हणजे गच्ची, पण हे नाव डोक्यात बसलं ते बसलंच. पुढे मैत्रिणींबरोबर बेत व्हायचे आणि ऐन वेळी कुणाकडे पाहुणे यायचे, कुणाच्या मुलाची परीक्षा निघायची. शेवटी म्हटलं, एकटीनंच जाऊ. तेही आडवारी. शनिवार-रविवारी तिथल्या शिड्यांवर संध्याकाळचा दादरचा पूल होतो म्हणे, आणि तो मला एरवी रोज मिळतोच.

"एकटी?" हे ऑफिसात कौतुकानं विचारलं गेलं, शेजारी काळजीनं. आईनं तर फोनवर थेट आवाज खाली आणला, "काही भांडण झालंय का गं?" सासूबाई तेवढ्या गप्प होत्या. आदल्या रात्री मी सॅक भरत बसले होते, तेव्हा आल्या आणि हिरवा खण, नारळ, मूठभर तांदूळ, हळदीकुंकवाच्या पुड्या समोर ठेवल्या. "देवीचा डोंगर आहे. रिकाम्या हातानं जाऊ नये." झालं! त्या क्षणी माझ्या ट्रेकचं देवदर्शन झालं आणि सगळ्यांचे चेहरे सैल पडले. शेजारच्या काकूंनी तर "माझ्या नावानं ठेव" म्हणून अकरा रुपये आणून दिले. बाई एकटी डोंगरावर निघाली तर आगाऊ, देवाला निघाली तर भाविक. त्या मानानं नारळाचं ओझं काहीच नव्हतं.

पहाटेच्या कसारा लोकलला दादरला चक्क खिडकी मिळाली. आसनगावच्या आसपास उजाडायला लागलं आणि माहुलीचे सुळके दिसले. कसाऱ्याहून जीपनं घाट चढून घोटी, तिथून भंडारदऱ्याच्या रस्त्यानं बारी. नवरात्राची जत्रा उरकली होती, बांधांवर सोनकीची पिवळी फुलं अजून होती.

आता ही कळसूबाई कोण, तर कळसू नावाची कोळ्यांची पोर. रानात भटकायची आवड. पायथ्याच्या एका घरी ती कामाला राहिली, पण आधी अट घातली की भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. काही दिवस बरे गेले. मग एकदा घरातल्या कुणीतरी सांगितलंच, एवढी भांडी घास, एवढा कचरा काढ. तिनं निमूट दोन्ही केलं आणि डोंगर चढून गेली ती कायमची. भांडी घासली ते थाळेमेळ आणि कचरा काढला तो काळदरा, अशी दोन ठिकाणं तिच्या नावे अजून सांगतात. आपल्याकडे देवी व्हायला राक्षस मारावा लागतो. हिनं फक्त शब्द मोडणाऱ्यांचं घर सोडलं. मला हीच जास्त जवळची वाटते.

चढ दमवतो. शेतं संपली की पायऱ्या, झाडी, मग मोकळा दांड, आणि खडक उभे राहतात तिथे लोखंडी शिड्या. पायऱ्यांचे कोपरे गंजलेले, मधला भाग मात्र पावलांनी घासून चकचकीत. मी कठडा धरून, दर चार पायऱ्यांनी देखावा पाहण्याच्या निमित्तानं थांबत होते. शेजारून गावातली एक मावशी डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन, साध्या चपलांत, माझ्यापुढे निघून गेली. वरच्या टप्प्यावर तिचंच लिंबू-सरबताचं दुकान निघालं. तिनं काकडी उभी चार ठिकाणी चिरली, फटींत तिखटमीठ भरलं आणि हातात देत विचारलं, "एकट्याच आल्या? मग घरी सैपाक?"

"आज नवरा खिचडी करणारेय."

"त्येला येती?" असं म्हणून ती जी हसली, ती पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत हसतच होती.

माथा म्हणजे चार पावलांची जागा. शेंदरी रंगाचं एवढंसं देऊळ, आत कसंबसं एक माणूस मावेल. ओटी भरली, काकूंचे अकरा रुपये ठेवले. बाहेर वारा असा की टोपी हातात धरायची. अलंग, मदन, कुलंग हे तिन्ही किल्ले अगदी ओळखपरेड केल्यासारखे रांगेत. दुसरीकडे 1926 साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचं पाणी, त्यापलीकडे रतनगड, जिथे प्रवरा उगम पावते. आपण राज्यात सर्वांत उंच आहोत म्हणून काही तरी थोर सुचेल असं वाटलं होतं. सुचलं ते इतकंच, की दुपारपर्यंत मला कुणीही "अगं, ते कुठे ठेवलंय?" असं विचारलेलं नाही. डबा उघडला आणि पोळीभाजी एका जागी बसून, गरम नसली तरी सलग, संपवली.

उतरताना गुडघ्यांनी सगळा हिशेब मागितला. घरी परतले तेव्हा सासूबाईंनी आधी प्रसादाच्या खोबऱ्याला हात लावला, मग माझ्या पायांना तेल लावायला बसल्या.

आता डोळा साल्हेरवर आहे. बागलाणातला, 1567 मीटर, उंचीत दुसरा. माथ्यावर परशुरामाचं देऊळ आहे. परशुरामाची ओटी भरत नाहीत, पण नारळ चालेल. सासूबाईंना अजून बोलले नाही, सणवार बघून विषय काढेन.